चढणीला दुखणारी दाढ

बुटात खडा गेला नव्हता, तरी शालिनीबाई साकवाच्या कठड्याला टेकून बूट झटकत उभ्या राहिल्या. पुढे पन्नासेक पावलांवर, देवळाच्या चढणीच्या मध्यावर, पद्मावती थांबली होती. फुलांची परडी तिने कडेच्या दगडी गडग्यावर ठेवली होती आणि उजव्या हाताने डावा जबडा दाबून ती रस्त्याकडे पाठ करून उभी होती. आज हे तिसऱ्यांदा.

शालिनीबाईंनी दुसऱ्या पायातलाही बूट काढला. दोन बुटांत दोन खडे जाऊ शकतात, त्यात हसण्यासारखं काही नाही. तसं हसायला रस्त्यावर कोणी नव्हतंही. खनिजाचे ट्रक सुरू व्हायला अजून थोडा अवकाश होता. एकदा ते सुरू झाले की डिचोलीच्या त्या तांबड्या धुळीत चालणं म्हणजे जे कमवायला निघालो तेच घालवून घरी येणं. म्हणून दोघी उजाडता उजाडता निघत, एक देवाला फुलं घेऊन, दुसरी डॉक्टरच्या सांगण्यावरून. एकाच रस्त्याने, मागेपुढे, आणि गेली दहा वर्षं एक अक्षरही न बोलता.

शालिनीबाईंचे यजमान कृष्णनाथ आठ वर्षांपूर्वी खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाले, गॅस असेल म्हणून सोडा प्याले, ओवा चावला, बरं वाटलं. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सोडा आणायला कोणी बाहेर पडायच्या आतच सगळं आटोपलं. त्यानंतर शालिनीबाईंनी ह्या विषयावर हाताला लागेल ते वाचून काढलं. मीठ अर्ध्यावर आलं, लोणचं बंद झालं, आमटीतलं खोबरंसुद्धा कमी झालं, आणि गोव्यात राहून खोबरं कमी करणं म्हणजे संन्यासच. महिन्याच्या महिन्याला रक्तदाब तपासायचा. रोज चालायचं, तेही साठी उलटल्यावर, नऊवारी नेसणाऱ्या शेजारणींच्या डोळ्यांदेखत पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. फक्त संध्याकाळी अळणी पेज समोर घेऊन बसल्यावर कधी कधी त्यांना वाटे, हे काळीज एवढं जपायचं ते कोणासाठी?

एके काळी गावात ह्या दोघींना जोडीच म्हणत. एकाच मराठी प्राथमिक शाळेत मास्तरणी, डबा एकीचा आणि भाजी दुसरीची. मग गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, हे भाषेचं आंदोलन आलं. शालिनीबाई मराठीच्या मोर्चात, पद्मावती कोकणीच्या सभेत. तेही चाललं असतं. पण एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, शालिनीबाई बोलून गेल्या की भाकरी मराठीची खातेस आणि गोडवे कोकणीचे गातेस, लाज कशी वाटत नाही? आणि हे बोलल्या त्याही कोकणीतच, कारण राग घरच्या भाषेत येतो. पद्मावतीने हातातला खडू टेबलावर ठेवला, बोटं पुसली आणि ती बाहेर गेली.

पुढे कायदा झाला, राज्य झालं. एकमेकांना व्यासपीठावरून शिव्या घालणारे पुढारी लग्नांत एका पंगतीला बसून जेवू लागले. ह्या दोघीच तेवढ्या राहिल्या. कृष्णनाथ गेले तेव्हा पद्मावती आली होती. बायकांत मागे बसली आणि तशीच उठून गेली. माफी मागायला शालिनीबाईंना काय कमी संधी मिळाल्या? पण दर वेळी त्यांना वाटे, आधी तिने एकदा माझ्याकडे बघावं.

पद्मावती बघत नव्हती. शालिनीबाई मात्र रोज बघत होत्या, तिच्या पाठीकडे.

दाढेची बातमी त्यांना बाबलीकडून कळली. बाबली दोघींच्याही हाताखाली शिकलेला, आता खाणीवर ट्रक चालवी. बाजारात भेटला तेव्हा म्हणाला,

"पद्माबायची दाड काडली म्हापशां. तरीय दुखता म्हणटा ती."

"केन्ना दुखता?" कधी, एवढंच शालिनीबाईंनी विचारलं.

"तें म्हाका कितें खबर, बाय? तुमी तिच्याकडेन अजून उलयनात?"

बोलत नाही हे काय बाजारात सांगायचं? शालिनीबाई पिशवी उचलून घरी आल्या. दाढ रात्री दुखते, गरम चहाने दुखते, हे पहिलीतलं पोरही सांगेल. चढणीला दुखणारी आणि थांबल्यावर राहणारी दाढ ही दाढ नसते. हे त्यांनी वाचलं होतं, वर्तमानपत्रातलं कात्रण काढून कपाटात ठेवलंही होतं. त्या संध्याकाळी त्यांनी कागद घेतला. "पद्मावती यांस" असं लिहिलं, मग "यांस" खोडलं, मग कागदच फाडला. उद्या समोर जाऊन सांगू, असं ठरवलं. उद्या उद्या करता कार्तिक सरला आणि मार्गशीर्षाची थंडी पडली.

आता चढणीवर पद्मावती उभी नव्हती. ती रस्त्यावर बसली होती आणि परडी उलटी झाली होती.

शालिनीबाई धावल्या. दोन्ही बूट साकवावर राहिले आणि मोज्यांतून खडी टोचत होती, पण ते त्यांना पुढे केव्हातरी कळलं.

"पदू."

पद्मावतीने डोळे मिटून घेतले होते. एवढ्या गारठ्यात तिच्या कपाळावर घाम होता.

"पदू, कितें जाता गो?"

"कांय ना. दाड."

"खंयची दाड? ती काडून जाली न्ही?"

पद्मावतीने डोळे उघडले आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, हिला कसं कळलं अशा संशयाने पाहिलं. बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता.

तेवढ्यात खाणीकडे जाणारा सकाळचा पहिला रिकामा ट्रक वळणावर आला. शालिनीबाई दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ट्रक बाबलीचा होता, हे नशीब. त्याने खाली उडी मारली, एका बाईंकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि दोघींना एका जागी पाहून तो तसाच उभा राहिला.

"उबो कित्याक? उखल तिका," शालिनीबाई वर्गात ओरडत तशा ओरडल्या.

बाबलीने पद्मावतीला उचलून वर बसवलं आणि ट्रक वळला. केबिनमध्ये पद्मावतीचं डोकं शालिनीबाईंच्या खांद्यावर होतं. ते तिने मुद्दाम ठेवलं नव्हतं, रस्ताच तसा होता.

डिचोलीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने तिच्या छातीला तारा लावल्या, जिभेखाली गोळी ठेवली आणि यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी खिडकीशी नेऊन पाहिली. मग खुर्ची पुढे ओढली.

"आजी, हा त्रास कधीपासून?"

"आज सकाळींच," पद्मावती म्हणाली. गोळीने तिला आता बरं वाटत होतं. "दाडीचें तें. वारें लागलां."

"आज सकाळचं नाही," शालिनीबाई म्हणाल्या. डॉक्टरशी त्या मराठीतच बोलत. "चतुर्थीपर्यंत ती न थांबता चढायची. दसऱ्याला पहिल्यांदा थांबली, वर, देवळाच्या पायरीशी. तेव्हा नुसता हात गालाला लावला होता. नरकचतुर्दशीनंतर चढणीच्या मध्यावर थांबू लागली. उतरताना कधीच नाही. तुळशीच्या लग्नानंतर दोनदा. परडी आधी डाव्या हातात असायची, पंधरा दिवसांपासून ती उजव्या हातात घेते, डावा हात जड होत असावा. परवापासून तिसऱ्यांदाही थांबते, तेही साकव ओलांडल्यावर लगेच. आणि पूर्वी थांबली की मनातल्या मनात एक स्तोत्र होईल एवढ्यात निघायची, आता दोन होतात."

डॉक्टर लिहीत होता तो थांबला.

"तुम्ही ह्यांच्या कोण?"

"शेजारी," त्या म्हणाल्या.

"बरं झालं तुम्ही होतात. झटका अजून आलेला नाही, पण उंबरठ्यावर आहे. ह्यांना लगेच बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं, मी गाडी सांगतो." जाता जाता तो दारात थांबला. "दसऱ्यालाच आणलं असतं तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. असो. पुष्कळ लोक तर इतकंही लक्ष देत नाहीत."

तो गेल्यावर खोलीत दोघीच उरल्या. पद्मावती छताकडे पाहत पडली होती. तिचा आवाज आला तेव्हा तो अगदी हलका होता, शाळेत मुलांना कळू नये म्हणून दोघी मागच्या बाकाशी बोलत तसा.

"दसऱ्यापसून तुका खबर आशिल्लें?"

"हय."

"आनी तुवें सांगलें ना."

शालिनीबाईंनी मान खाली घातली. खाली त्यांचे स्वतःचे मळके मोजे दिसत होते. तू बघत नव्हतीस, हे उत्तर दहा वर्षं तयार होतं. ते आता तोंडात आणणंही शरमेचं होतं. त्यांना वाटलं आपण रडू, पण तेवढाही हक्क आपल्याला ह्या खोलीत नाही, असं वाटून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. पद्मावतीने भिंतीकडे कूस वळवली.

गाडी आली. स्ट्रेचर आत ढकलताना नर्सने विचारलं, "सोबत कोण येतंय? घरचं कोणी आहे का?"

"मुलगो वास्कोक आसा," बाबली म्हणाला. "तो थंयच येतलो. फोन केला हांवें."

"मग वाटेत कोण? एकट्या पेशंटला सोडत नाही आम्ही."

शालिनीबाई पुढे झाल्या नाहीत. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बाबलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्ट्रेचरकडे, आणि आपली टोपी हातात चुरगाळू लागला.

आतून पद्मावतीचा आवाज आला, नर्सला उद्देशून.

"ती येतली."

मग थोडं थांबून,

"पूण तिणें म्हजेकडेन उलोवंचें न्हय."

शालिनीबाईंनी "बरं" म्हणायला तोंड उघडलं, बोलायचं नाही म्हणून लगेच मिटलं, आणि पदर खोचून त्या गाडीत चढल्या.