पुढची बस

ज्या नगरसेवकाच्या गाडीने बसचालक ताईच्या धाकट्या भावाला सायकलसकट फरफटत नेलं होतं, तोच आज थांब्यावर उभा दिसला. कोर्टाने परवाना काढून घेतल्यामुळे, चार घरं पलीकडे जायलाही गाडी काढणारा हा गृहस्थ आता बसवर आला होता. न थांबता पुढे जावं आणि त्याला उन्हात पायपीट करायला लावावी, असं ताईच्या मनात आलं. पण तेवढ्याने तिचं समाधान होणार नव्हतं. तिने बस थांबवली आणि दार उघडलं.

भाऊ रोज तिच्याच बसने कामाला जायचा. दारासमोरच्या राखीव सीटवर तो कुबडी मांडीवर घेऊन बसला होता. आत चढल्यावर त्याला पाहताच नगरसेवकाचा चेहरा उतरला. मागे सरकायला त्या गर्दीत वाव नव्हता.

"साहेब, दांडी धरा. सगळ्यांनी धरल्याशिवाय मी बस हलवत नाही," ताई हळू आवाजात म्हणाली.

मोकळी दांडी तेवढी भावाच्या डोक्यावर होती.

"ताई, जाऊ दे ना," भाऊ पुटपुटला.

"जाऊच देतेय की. अगदी ऑफिसच्या दारात सोडते त्यांना."

"मी उतरतो," नगरसेवक म्हणाला. "पुढच्या बसने येईन."

"या ना! पण पुढची बसही हीच, आणि चालवणारीही मीच. बाकीच्या बस बंद करून तुम्हीच डेपोच्या जागी पार्किंग केलंत ना, साहेब?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. नगरसेवकाने दांडी धरली.

ताई एरवीही सावकाशच चालवायची. आज तर तिला मुळीच घाई नव्हती.