नाव आणि कारण

नर्सबाईने नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर तिसऱ्यांदा इस्त्रीखाली घेतली, तेव्हा तो खाटेवरून ओरडला.

"अगं, जाळशील ती! लक्ष कुठंय तुझं?"

"आज मी उभी राहणार आहे."

त्यांच्या चर्चमध्ये दर रविवारी पहिलं गीत झालं, की ज्याला प्रार्थना हवी त्याने जागेवर उभं राहायचं, एक नाव सांगायचं, एक कारण सांगायचं. पाळकसाहेब ते पुन्हा मोठ्याने म्हणत आणि सगळी मंडळी मान खाली घाली. ऑपरेशन, परीक्षा, बाळंतपण, मरण. कारण दोन-तीन शब्दांत आटपायचं, पाल्हाळ नको, असा दंडक होता.

"कुणासाठी?" सगळं कळूनही त्याने विचारलं.

"त्या पोरीसाठी. आणि कारण खरं सांगणार आहे."

तो उठून बसला. हा माणूस छावणीचा फाटकवाला. लढाईतून जीव घेऊन पळालेली आठशे माणसं तारांच्या आत होती आणि अर्ध्या गावाची चूल त्या तारांवर पेटत होती. हिची नोकरीही तिथलीच, दवाखान्यात. राहतं घरसुद्धा छावणीचंच.

मंगळवारी भर दुपारी त्याने हाक मारली म्हणून ती फाटकाशी धावत गेली होती. एक बाई चार वर्षांच्या मुलीला छातीशी धरून उभी होती. मुलीचे ओठ निळे पडले होते. छावणीच्या दवाखान्यात ऑक्सिजन नव्हता. गावातलं इस्पितळ गाडीने दहा मिनिटांवर. पण छावणीच्या साहेबांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय फाटक उघडत नसे आणि साहेब बैठकीत, फोन बंद. नर्सबाईने विनवलं, शिव्या घातल्या, नवऱ्याच्या हाताला हिसके दिले. किल्ली त्याच्या मुठीत होती आणि मूठ काही उघडली नाही. चाळीस मिनिटांनी पोर गेली. संध्याकाळी साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि सांगितलं ते तिने मुकाट्याने लिहिलं: 'फाटकापर्यंत आणण्यापूर्वीच मृत्यू.' खाली सही केली.

"घर जाईल," फाटकवाला म्हणाला. "तुझी नोकरी जाईल, माझी जाईल, वर मी आत जाईन. पाण्यात राहून माशाशी वैर करतेस?"

"जाऊ दे."

"खोटं लिहिलंस तू आणि फासावर मी?"

"मीही येतेय की तुमच्याबरोबर. काय मी वेगळी राहणार आहे?"

"देवाला सगळं ठाऊक असतं. त्याला बाकाबाकांतून ओरडून कशाला सांगायचं?"

"देवाला नाही हो सांगत मी," ती म्हणाली आणि शर्ट त्याच्या हातात दिला.

तो कशाला येतोय, असं तिला वाटलं होतं. पण शर्ट घालून तो निघाला.

चर्च भरलं होतं. पुढच्या बाकावर छावणीचे साहेबच, चर्चच्या पंचमंडळींचे प्रमुख म्हणून, नावं टिपायची वही मांडीवर घेऊन बसले होते. शेवटच्या बाकावर छावणीतल्या सहा बाया, दोन्ही टोकांना पहारेकरी. त्यांना इथली भाषा येत नव्हती, पण दर रविवारी त्या यायच्या. त्या पोरीची आईही आली होती. तिने हात रिकाम्या मांडीवर ठेवले होते.

पाळकसाहेबांनी जगात शांती नांदावी म्हणून प्रार्थना केली. दूरच्या दोन युद्धांची आणि एका दुष्काळाची नावं घेतली. त्यांची प्रार्थना नेहमी सातासमुद्रापार उतरायची, गावातल्या फाटकाशी कधी थांबली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "कुणाला नाव द्यायचंय?"

एका आजीचा मोतीबिंदू सांगून झाला. कुणाच्या भाच्याची मुलाखत झाली. आपल्याच्याने होणार नाही, असं नर्सबाईला वाटलं आणि त्याच क्षणी ती उभी राहिली.

मुलीचं नाव लांबलचक, जिभेवर न बसणारं होतं. चार दिवस भांडी घासताना तिने ते घोकलं होतं. ते तिने न अडखळता घेतलं. मागे कुणीतरी हुंदका गिळला.

"कारण?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मरण."

साहेबांनी वहीत लिहिलं. इथे बसता आलं असतं. कितीतरी जणी बसल्याही असत्या.

"वाटेत नाही गेली ती," नर्सबाई म्हणाली. आवाज चिरकला. "फाटकाशी गेली. आमच्या फाटकाशी. चिठ्ठी नाही म्हणून चाळीस मिनिटं कुणी दार उघडलं नाही. कागदावर लिहिलंय ते खोटं आहे, ते मी लिहिलंय. देवा, क्षमा कर मला."

कुणी मान खाली घातली नाही. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. साहेबांनी वही मिटली.

"बाई, तुम्ही दमला आहात," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले. "बसा आता. बसा."

ती बसली नाही. शेजारचा बाक करकरला. फाटकवाला उठला होता. तो निघून जाणार असं तिला वाटलं, म्हणून तिने त्याला वाट द्यायला पाय आत घेतले. दहा-बारा पावलांवर दरवाजा होता. एवढ्यांच्या देखत टाकून जाणार, तर जाऊ दे बापडा, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

तो हलला नाही. घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"चाळीस नव्हे, पाळकसाहेब," तो म्हणाला. "पंचावन्न. हिला मी पंधरा मिनिटांनी हाक मारली. ती बाई पोर पुढे धरून तारेपाशी उभी होती. मला वाटलं, सोंग करतेय."