नेहमीची पट्टी

तो गळा तुमच्या बापाचा नव्हता. सांस्कृतिक खात्यात खुर्च्या उबवणाऱ्यांनो, हे तुम्हालाच आहे. वर्धापनदिन तुमच्या सत्तेचा, भाषणं तुमची, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला भोंग्यासारखं मंचावर उभं केलंत तेही तुम्हीच. ‘तोच आवाज, तोच सूर’ असं भिंतीभिंतीवर चिकटवलंत. आवाज फाटला तेव्हा पडदा पाडलात, आतून जुनी रेकॉर्ड लावलीत, आणि बाईंना आणायला गेलेली गाडी पोचवायला मात्र मिळाली नाही. तुमचं माप तुमच्या पदरात. पण या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. तो तुमच्यातला नव्हता, म्हणून त्याचं जास्त लागतं.

तो बाईंचा पियानोवाला. बोटं लांबसडक म्हणून बाई त्याला बोट्या म्हणत. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, केस पांढरे झाले, तरी भर सभागृहात ‘बोट्या, जरा पाणी दे रे’ चालूच. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. त्या गायला लागल्या की अंगावर काटा यायचा, अर्धी हयात शेजारी बसून काढली तरी यायचा. वरच्या सुरावर जाण्याआधी बाई एक इवलासा श्वास घेत, तो फक्त त्यालाच ऐकू येई. त्या श्वासासाठी तो जगत होता म्हटलं तरी चालेल.

साठी उलटली आणि एका आजारपणानंतर बाईंचा वरचा सूर निसटला. तालमीत निसटला, म्हणून बाहेर बभ्रा झाला नाही. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, हा गाण्याच्या वह्या उगाच चाळत बसला. दुसऱ्या दिवशी मंचावर बाई नेहमीसारख्या ठणकावून म्हणाल्या, “नेहमीची पट्टी!” आणि यानं मुकाट्यानं एक पट्टी खालून सुरुवात केली. बाईंनी एकदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग गायल्या. अशा गायल्या की लोक उठायला तयार होईनात. पुढे आणखी एक पट्टी उतरवावी लागली. याबद्दल दोघं एकमेकांशी एका अक्षरानं बोलले नाहीत. बाई ‘नेहमीची’ म्हणत राहिल्या, हा खाली घेत राहिला.

मग छापखान्याचा संप झाला. याचा धाकटा भाऊ तिथं यंत्रावर होता. पोलिसांनी दारातच झोडपलं, एक कान कायमचा गेला, वर तुरुंग. त्याच आठवड्यात बाई सत्ताधाऱ्यांच्या सभेत गायल्या आणि गाण्याआधी म्हणाल्या, “कामचुकारांना सरळ करणारा माणूस पहिल्यांदा मिळालाय.” टाळ्यांचा कडकडाट झाला.

तालमीच्या खोलीत यानं विचारलं, “बाई, ते तुम्हाला लिहून दिलं होतं ना?”

“मला कोण लिहून देणार? वाटलं ते बोलले.”

“माझा भाऊ आत आहे.”

“कळलं मला. वाईट वाटलं. पण पोलिसांवर दगड कुणी मारले?”

“त्यानं नाही मारले.”

“मग सुटेल की. चल, वाजव.”

यानं पियानोचं झाकण लावलं आणि निघून आला. बरोबर केलं. हजारदा बरोबर केलं.

भाऊ सुटून आला तो आरशासमोर दाढी करताना बाईंचंच गाणं गुणगुणू लागला. याच्या बायकोचा पारा चढला.

“भावजी, ज्या तोंडानं तुम्हाला कामचुकार म्हटलं, त्याच तोंडाचं गाणं? काही चाड आहे की नाही?”

“वहिनी, तिला शिव्याही मीच घालणार आणि तिचं गाणंही मीच ऐकणार. एकच कान उरलाय, त्यात चांगलंच घालावं की नाही?”

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाआधी बाईंच्या बहिणीचा फोन आला. “तिनं सांगितलेलं नाही, मीच विचारते. येशील का रे?” यानं नाही म्हटलं. सत्तेच्या वाढदिवसाला वाजवणार नाही म्हणाला. त्यातही काही चूक नाही.

चूक दुसऱ्या फोनवर झाली. तो फोन नव्या पियानोवालीचा होता, चाळिशीची, नावाजलेली बाई. खात्यानं तिला नेमलं होतं.

“मास्तर, तालीम काही होणार नाही, सरळ मंचावरच बसायचंय. बाईंच्या साथीत काही सांभाळायचं असतं का? त्या नुसतं ‘नेहमीची पट्टी’ म्हणतात. छापील वहीतलीच ना?”

आता सांगायला दोन शब्द पुरले असते. भाऊ समोरच बसला होता, त्याच्या न ऐकणाऱ्या कानाची बाजू याच्याकडे होती. त्या कानाकडे पाहत हा म्हणाला, “बाई सांगतील तीच.”

“काय विचारत होती?” भावानं नंतर विचारलं.

“काही नाही.”

कार्यक्रम रेडिओवर लागला. बायको उठून आत गेली, भावंडं ऐकत बसली. पहिल्याच सुराला यानं ओळखलं. मूळ पट्टी. बाई कसलेल्या, त्यांनी पहिलं कडवं खालच्या सुरांत फिरवून निभावून नेलं. मग तो इवलासा श्वास आला. रेडिओवर तो कुणाला ऐकू गेला असेल? यानं ऐकला आणि कान झाकून घेतले. कान झाकले तरी ऐकू आलं. फडकं टरकावं तसा आवाज.

भावाचा चेहरा पडला. “वाजवणारीनं उंच घेतलं का रे?”

यानं हात पुढे करून रेडिओ बंद केला.

“दादा, तुला ठाऊक होतं?”

हा उठून रस्त्यावर गेला. भावासाठी केलं असं म्हणायचीही सोय उरली नव्हती. भावानं मागितलंच नव्हतं.

महिनाभर त्याची बोटं पियानोला लागली नाहीत. शेवटी एका सकाळी तो बाईंच्या घरी गेला. बहिणीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. बाई खुर्चीत बसून लोकरीचा गुंता सोडवत होत्या. पियानोवर धुतलेल्या चादरींची चळत. गाणं बंद केल्याचं गावभर झालंच होतं, ते आता डोळ्यांनी दिसलं.

“बस,” बाई म्हणाल्या. बोलायचा आवाजही खरखरीत झाला होता. “भाऊ कसा आहे?”

“बरा आहे.”

“मी त्या सभेत बोलले त्याची माफी मागणार नाही. मला अजूनही तसंच वाटतं.”

“माहीत आहे. मलाही तुमचं ते बोलणं अजून तितकंच घाण वाटतं.”

“वाटू दे. झाकण लावून गेलास, ते कळलं मला. वर्धापनदिनाला आला नाहीस, तेही कळलं. माणसाला मतं असावीत.” बाईंनी लोकर मांडीवर ठेवली. “ती बाई परवा येऊन रडून गेली इथं. म्हणाली, मी मास्तरांना फोन करून विचारलं होतं.”

हा चादरींकडे पाहत राहिला.

“माझ्या तोंडून ‘खाली घे’ कधी निघणार नाही, हे जगात तुला एकट्याला ठाऊक होतं. पटत नव्हतं तर तोंडावर शिव्या द्यायच्यास, मी दिल्या असत्या परत. पण गाण्यानं तुझं काय वाकडं केलं होतं रे? वर बघ, बोट्या. तिनं विचारलं, तेव्हा तू का नाही सांगितलंस?”