केस माझ्यात नव्हता

मी घड्याळजीचं भिंग बोलतोय. डोळ्याच्या खोबणीत बसवतात ना, तो मी. माझ्यामुळे एका भल्या माणसाचा डोळा गेला, म्हणून तोंड उघडलंय.

माझ्याआधी त्याच्याकडे तिप्पट दाखवणारं भिंग होतं, मग पाचपट दाखवणारं आलं. तेही कमी पडलं तेव्हा दहापट दाखवणारा मी आलो. "हल्ली स्क्रूच बारीक करतात मेले!" असं तो म्हणायचा. बारा वर्षांची शुगर अंगात मुरलेली, आणि खापर मात्र स्क्रूंवर!

बायको मागे लागायची, "अहो, एकदा डोळे दाखवून या. डॉक्टर दरवेळी बजावतात."

तो मला डोळ्याला लावायचा, एखादं चिमुकलं चाक चिमट्यात धरायचा आणि दाते मोजून दाखवायचा. "बघ, एकूण एक दिसतोय. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" ती बिचारी आत निघून जायची. मी मात्र फुशारून जायचो. आज आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एका सकाळी त्याला माझ्यात केस दिसला. त्यानं मला पुसलं, फुंकर मारली, स्क्रू काढून काच धुतली. केस जाईना. तीन दिवस मला घासत होता. अहो, मी स्वच्छ होतो! पण सांगणार कसं? चौथ्या दिवशी त्यानं मला वैतागून टेबलावर ठेवलं, तर केस समोरच्या भिंतीवर फिरायला लागला.

"अगं, लवकर ये," त्यानं बायकोला हाक मारली. "काळे धागे तरंगतायत."

दवाखान्यात मी त्याच्या खिशात होतो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, बराच वेळ आत पाहिलं.

"शुगरनं पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यात. उजव्या डोळ्यात रक्त उतरलंय."

"पण परवापर्यंत मला सगळं दिसत होतं हो!"

"तिथंच माणसं फसतात, काका. दुखत नाही, खुपत नाही. दिसत असतानाच दरवर्षी पडदा तपासायचा असतो."

लेझर झालं, इंजेक्शनं झाली. डावा डोळा वाचला. उजव्यात धुकं राहिलं ते राहिलंच. नाजूक घड्याळं आता तो परत पाठवतो. पट्टे आणि सेल तेवढे बदलतो.

काल शेजारचा शिंपी आला. "तुझं ते भिंग दे रे दोन दिवस. सुईचं नाकंच सापडत नाही. शुगर आहे म्हणा, पण बाकी दिसतं झकास."

घड्याळजीनं मला मुठीत घट्ट आवळलं.

"भिंग मिळायचं नाही. दुकान बंद कर, आत्ताच्या आत्ता डोळे दाखवायला चल."

"अरे, पण कपडे द्यायचेत—"

"चल म्हणतो ना!"

त्यानं मला खणात टाकून कुलूप लावलं. बरं केलं.