टीव्ही शिवलेली गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही आत्ता हळूच माझं टोक उचलून पाहताय ना, तेही माझ्या लक्षात आलं आहे.

माझा जन्म सिंगापूरमधला, पाया लेबार नावाच्या भागातल्या एका भाड्याच्या खोलीतला. मला शिवणारी डार्लीन कॅनडाहून आलेली. ती क्री, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. तिने माझ्यावर आपलं लहानपणीचं घर शिवलं: पत्र्याचं छप्पर, अँटेनावाला टीव्ही, चहाची किटली, लाल गमबूट आणि सोफ्यावर पसरलेला लठ्ठ कुत्रा. टाके घालताना ती मधूनच हसायची. बाई एकटीच हसते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला पहिल्यापासून वाटायचं.

२०१५ साली जवळच्या एका मॉलमध्ये कापडकामाचं प्रदर्शन भरणार होतं. डार्लीनचं हे इथलं पहिलंच प्रदर्शन. ते भरवणाऱ्या कंपनीतली अंजली मला पाहायला आली. तिने आल्या आल्या मला उलटं करून मागचे टाके तपासले. मग बाजूला जाऊन नवऱ्याला, उज्ज्वलला, फोन लावला.

"अरे, बाई क्री आहे म्हणते आणि टीव्ही काय शिवलाय! फसवत तर नाहीये ना? आमच्या जगदीश सरांना सिनेमात दाखवतात तसं, पिसं, तंबू असं काहीतरी पाहिजे. नाहीतर ते जागा दुसऱ्याला देतील."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "ऑफिसच्या पार्टीत तुला म्हणतात ना, इंडियन आहेस, नाचून दाखव? तेव्हा घरी येऊन किती चिडतेस!"

अंजलीने फोन बंद केला. पण निरोप तिने दिलाच. उद्यापर्यंत पिसं हवीत.

ती गेल्यावर डार्लीनने माझ्यावरून हात फिरवला. मग तिने कात्री उचलली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आता टीव्ही जाणार, कुत्रा जाणार, आणि मी भलत्याच कोणाचं लहानपण मिरवत लटकणार! जिने मला जन्म दिला तिचाच मला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी अंजली आली आणि पाहतच राहिली. टीव्ही जागेवर होता, कुत्राही होता. छपरावर मात्र खरी पांढरी पिसं होती. डार्लीनने बॅडमिंटनचं फूल कापून तिथे शिवलं होतं.

अंजलीला हसू आवरेना. "पिसं मागितली, पिसं मिळाली! मस्त गंमत केलीत."

"गंमत नाही," डार्लीन म्हणाली. "मी आणि माझा भाऊ अंगणात खेळायचो. त्याने मारलेलं फूल छपरावर अडकलं. उद्या काढतो म्हणाला. त्याआधी तोच गेला. फूल तिथेच राहिलं."

अंजलीचं हसू मावळलं. तिने लगेच फोन लावला. "सर, पिसं आहेत. गोधडी आहे तशीच लावायची. नाही सर, आता काही बदलायचं नाही."

प्रदर्शनात मला लिफ्टजवळचा अंधारा कोपरा मिळाला. तरी लोक थांबायचे, हसायचे.

आता मी परत डार्लीनच्या खोलीत आहे, माझे रंग विटले आहेत, पिसं पिवळी पडली आहेत. मित्रांनो, मला खुशाल हात लावा, पण हात धुऊन पुसून लावा. आणि कोणाची आठवण तुमच्या कल्पनेसारखी दिसली नाही, म्हणून तिला खोटी ठरवू नका. डार्लीन रोज खोली बंद करण्याआधी त्या फुलावर बोट ठेवून उभी राहते. तेवढ्यापुरती मीही कोणावर संशय घेत नाही.