मंडपभर एक जून

मुकुंदवाडीच्या मंडपात पन्नासेक माणसं बसली होती आणि सगळ्यांनी एकाच मापाचा आ वासला होता. निजाम जाऊन पस्तीसेक वर्षं झाली होती. महाराजांची आवक मात्र चालू होती.

त्या दिवशीचे होते तिथिनाथ महाराज. डोळे मिटूनच ते गरजले, "या गर्दीत एकाच तारखेला जन्मलेले दोन जीव आहेत. मागल्या जन्मीचं जोडपं! शाळेच्या दाखल्यावरची तारीख सांगा. दाखल्यावर सरकारी शिक्का असतो आणि सरकार खोटं बोलत नाही."

यावरही कुणी हसलं नाही. गर्दी इतकी भारावली होती.

दोन जीव निघाले आणि महाराजांनी पुढं विचारणंच थांबवलं. बद्रीनाथची अठरा वर्षांची लेक सारजा, कॉलेजात गणित शिकणारी. आणि महाराजांचा चाळिशीतला विधुर पुतण्या. दोघांची तारीख एक जून.

"पण महाराज, वर्षं येगळी हायेत की," बद्रीनाथ चाचरला.

"वर्ष ही माया, तारीख हेच सत्य! गुरुवारी हळद लावा. नाहीतर घराण्याला बाधेल."

"बापू, सोमवारी माझा पेपर हाय," सारजा म्हणाली.

"देवापुढं पेपर व्हय गं?"

सारजानं आपल्या गणिताच्या बाईंना मुद्दाम बोलावून आणलं होतं. त्या नजमुन्निसाबाई उठल्या. "महाराज, बाकीच्या एक जूनवाल्यांवर अन्याय कशाला? त्यांनाही उभं करू या."

आधी काकासाहेब उठले. मग त्यांचा दोस्त सांडू. मग इकडून तिकडून माणसं उठतच राहिली. शेवटी बद्रीनाथही ओशाळून उभा राहिला.

काकासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी माझं आन् सांडूचं बी जमलं व्हय? सांडू, हळद कधी लावायची?"

"आधी ती मिशी काढ. मंग बघू."

हशा ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं, हे मास्तरांचं माप. खरी तारीख कुणी लिहून ठेवलेली नसायची. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून सरसकट एक जून!"

महाराजांनी आता डोळे उघडले. "गंगापुरात मी चौदा ऑगस्टचं जोडपं काढलं, ते?"

"निघालं असेल. नुसती तेवीस माणसं जमली तरी कुठल्यातरी दोघांची तारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. प्रत्येकाला दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून बघा, अडीचशेवर जोड्या होतात. पन्नास माणसांत तर न जुळणंच नवल. 'माझ्याशी कोण जुळतं' असं विचारलं असतंत, तर बऱ्याचदा तोंडघशी पडला असतात. तुम्ही विचारता, 'कुणाचं कुणाशी जुळतं?'"

एवढ्यात बायकांतून सारजाची माय, आवडाबाई, बोलली. "आन् आमची सारजा कापूस येचणीत झाली. ऐन थंडीत! जूनमंदी कुठला आलाय कापूस?"

"मंग इतकी वर्षं बोलली का नाय?" बद्रीनाथ खेकसला.

"इचारलं कोनी?"

बद्रीनाथनं बायकोकडं बघून मान डोलावली. मग पुतण्याला म्हणाला, "पाव्हणं, गुरुवारी येऊ नका. पोरगी अभ्यासाला बसल."

तेव्हा मंडळी, कुणी जुळणी दाखवली तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की जोड्या शोधल्या किती आणि जुळल्या किती. आणि जन्मतारीख हवी असेल तर जिनं जन्म दिला तिला विचारा. ती तिथं हजर होती.