खिडकीतला काऊ

दवाखान्यातली पोरं तिला सुईताई म्हणत. रक्त काढायचं काम तिचं, पण पोर रडलं की सुईताईची शान गेली! एका हाताने दंड धरायची, दुसऱ्या हातात सुई, आणि मध्येच ओरडायची, "अगं बाई, तो बघ काऊ, चष्मा लावून बसलाय!" पोर आ वासून खिडकीकडे बघायचं, तेवढ्यात काम फत्ते. खिडकीत काऊ असायचाच असं काही नाही.

घरी येऊन ही फुशारकी मारली की बाबा हसायचे. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस. शब्दाच्या सात पिढ्यांची चौकशी केल्याशिवाय घास उतरायचा नाही. "तुझा धंदा जुनाच आहे बरं का," म्हणायचे. "इंग्रजीत 'अम्यूज' म्हणतात ना, करमणूक करणं? त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये. एखाद्याला आ वासून बघत ठेवायचं, एवढंच. इंग्रजीत आला तोही लबाडांच्या कामाला. समोरच्याला भुलवायचं आणि आपला डाव साधायचा. हसू त्यात मागाहून आलं."

गेल्या आठवड्यात बाबांच्या पोटाची तपासणी झाली. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, गाठ पसरलीय, आता कापाकापीचा उपयोग नाही. तेव्हापासून बाईच्या तोंडाला खंड नव्हता. शेजारणीच्या नकला काय, दवाखान्यातले किस्से काय, विचारू नका! बाबा हसत, चहा पीत, तपासणीचं नावही काढत नसत. तिला वाटलं, निभावलं.

आज सकाळी मात्र त्यांनी कप खाली ठेवला.

"पुरे झाला तुझा काऊ," ते म्हणाले. "टोच एकदाची सुई."

खुर्ची ओढून ती त्यांच्याजवळ बसली, हात हातात घेतला आणि डॉक्टर बोलले ते सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. बाबा ऐकत राहिले. मग त्यांची हनुवटी थरथरायला लागली, आणि एकदम त्यांनी बोट वर केलं.

"अगं, तो बघ काऊ!"

तिने झटकन वळून पाहिलं. खिडकीत कोणीच नव्हतं. मागे नाक ओढल्याचा आवाज आला, मग टॉवेलने तोंड पुसल्याचा.

"दिसला का?" आवाज घोगरा होता.

"दिसतोय बाबा," ती म्हणाली, आणि ते हाक मारेपर्यंत तिने मान वळवली नाही.